घरातलं पाणी मोजायचं कसं: एक काठी, एक वही आणि अर्धा इंची मीटर

आषाढातली गोष्ट. सकाळपासून बाहेर रिपरिप चालू होती, आणि दारात टँकर उभा होता. टँकरवाला पोऱ्या डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन हौदात पाइप सोडत होता. मुलगी व्हिडिओ कॉलवर होती. ती लंडनजवळ राहते. तिला पावसाचा आवाजही येत होता आणि टँकरचाही. म्हणाली, "आई, पाऊस पडतोय ना? मग टँकर कशाला?"

सासरी जाऊन सहा वर्षं झाली, तेवढ्यात विसरली. आमचं तालुक्याचं गाव गिरणेच्या पट्ट्यातलं. गिरणा धरण आहे नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात. त्यातून आवर्तन सुटलं की नदीला पाणी, नदीला पाणी असलं की आमच्या विहिरींना, आणि मग नळाला. धरणात पाणी वाढायला लागतं ते श्रावण-भाद्रपदात, वरच्या बाजूला सह्याद्रीकडे पाऊस बरा झाला तर. म्हणजे जून-जुलैला छत्र्या उघडलेल्या असतात आणि धरण तळाला गेलेलं असतं. खरी तंगी मे महिन्यात नाही, पाऊस सुरू झाल्यावर असते. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही.

तिला मी विचारलं, तुमच्याकडे तर रोज पाऊस, तुम्हाला काय कमी? तर ती हसली. लंडनचा वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपास. आमच्या जळगावचाही जवळपास तितकाच, थोडा जास्तच भरेल. फरक इतकाच की त्यांचा बारा महिने थोडा थोडा गळतो आणि आपला चार महिन्यांत उरकतो. तरी २०२२ च्या उन्हाळ्यात तिकडे ४० अंशांच्या वर पारा गेला, आणि बऱ्याच भागांत बागेला पाइपाने पाणी घालायला बंदी आली. (४० अंश! भुसावळला मे महिन्यात ते सकाळी अकरालाच होतात.) पण तिच्याकडे पाण्याला मीटर आहे. बाहेर फुटपाथवर छोटं झाकण, ते उचललं की आत मीटर. मागच्या सहा महिन्यांत किती पाणी वापरलं ते तिला लिटरमध्ये सांगता येतं. मला माझ्याच घराचं सांगता येत नव्हतं. "लागतं बाई पुष्कळ", एवढंच.

घरात तीन चुली आहेत. आम्ही तिघं (मी, हे आणि सासूबाई), मागच्या खोल्यांत भाडेकरू सर आणि त्यांचं चौघांचं कुटुंब, वरच्या खोलीत दवाखान्यात काम करणाऱ्या दोन मुली. हौद एक, वरची टाकी एक, टँकरचा खर्च एक. आणि टँकरचे पैसे गोळा करायची वेळ आली की प्रत्येकाला वाटायचं, पाणी दुसराच सांडतो. सर एकदा म्हणाले, "काकू, आम्ही तर बादलीने अंघोळ करतो." वरच्या मुली म्हणाल्या, "ताई, आम्ही दिवसभर घरी असतो कुठे?" दोघांचं म्हणणं खरं होतं. मग सांडत कोण होतं, ते पुढे येईलच.

आधी काठी

मीटर विकत घ्यायच्या आधी एक काठी करा. मी इलेक्ट्रिकच्या वायरिंगला लावतात तो पांढरा पाइप घेतला, सहा फुटी, आणि त्यावर नेलपॉलिशने इंचाच्या खुणा केल्या, दर दहा इंचांना जाड. मार्कर पेनाची खूण दोन महिन्यांत धुऊन जाते, नेलपॉलिशची राहते. ही काठी हौदात सरळ उभी सोडायची, तळाला टेकली की बाहेर काढून ओल कुठवर आली ते बघायचं.

आता एक इंच म्हणजे किती लिटर, हे एकदाच काढून ठेवायचं. हौदाची लांबी गुणिले रुंदी फुटांत, त्याला बाराने भागायचं, आणि २८.३ ने गुणायचं. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, एवढा एकच आकडा पाठ करा. माझा हौद आतून आठ बाय पाच. म्हणजे चाळीस भागिले बारा, गुणिले २८.३, झाले ९४ लिटर. माझ्या हौदातला एक इंच म्हणजे ९४ लिटर. हे मी हौदाच्या झाकणावर आतून ऑइलपेंटने लिहून ठेवलंय. पेपरात धरणाचा साठा टीएमसीत येतो ना, तोही हाच हिशोब; एक टीएमसी म्हणजे असे शंभर कोटी घनफूट. गिरणा धरण काठोकाठ भरलं तर साडेएकवीस टीएमसी. आपल्या हौदापासून धरणापर्यंत मापाची भाषा एकच आहे हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं.

गोल टाकी असेल तर व्यासाचा निम्मा घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग ३.१४ ने गुणा. हे झालं तळाचं क्षेत्रफळ. पुढे तसंच. आमची वरची हजार लिटरची काळी टाकी साडेतीन फूट व्यासाची आहे, तिचा एक इंच भरतो साधारण २३ लिटर. हा आकडा पुढे लागणार आहे.

काठीचा पहिला फायदा टँकरच्या दिवशी झाला. पाच हजार लिटरचा टँकर, आठशे रुपये. पाच हजार भागिले ९४, म्हणजे हौद ५३ इंच चढायला हवा. आधी काठी घातली, नंतर घातली. चढला ४६ इंच. म्हणजे ४३०० च्या आसपास. पोऱ्याला काठी दाखवली तर म्हणाला, "मावशी, रस्त्यात हिंदकळतं." सातशे लिटर हिंदकळतं म्हणजे अख्खा रस्ता ओला व्हायला पाहिजे. भांडले नाही, पण पुढच्या वेळी तो यायच्या आधी ओट्यावर काठी उभी करून ठेवली. ५२ इंच भरला.

नळाचंही असंच. आमच्याकडे चार दिवसांआड नव्हे, चौथ्या दिवशी पाणी येतं, साधारण ऐंशी मिनिटं. (हा फरक आमच्या गल्लीत फार महत्त्वाचा आहे.) पाणी सुटलं की गल्लीच्या तोंडावरची आजी ओरडते, "नळले पानी उनं व!" आणि सगळ्या बायका हातातलं टाकून उठतात. त्या दिवशी मोबाइलच्या घड्याळावर २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा. एकदा सुरुवातीला, एकदा मध्ये, एकदा शेवटी, कारण दाब बदलतो. माझी सरासरी आली ४८ सेकंद, म्हणजे मिनिटाला २५ लिटर, ऐंशी मिनिटांत दोन हजार. काठीनेही २१ इंच दाखवले, हिशोब जुळला. चार दिवसांना दोन हजार म्हणजे दिवसाला पाचशे. नऊ माणसांना. बोअर आहे, पण होळीनंतर ते नुसत्या गुळण्या करतं.

मीटर कुठे बसवायचं: माझी पहिली चूक

मी एक मीटर आणलं आणि प्लंबरदादाला सांगितलं, बाहेरून नळ येतो तिथे बसव. तोही म्हणाला नाही की नको. बसवलं. चौथ्या दिवशी पाणी यायच्या आधी नळ फुसफुसायला लागला, शिट्टी वाजावी तसा, आणि मीटरची चक्री गरागरा फिरायला लागली. पाण्याचा थेंब नाही! पहिल्या पंधरा मिनिटांत मीटरने ३४० लिटर दाखवले. काठी म्हणाली सव्वादोन इंच, म्हणजे २१० लिटर.

कारण साधं आहे. आपल्याकडे पाणी बंद असतं तेव्हा गावभरचे पाइप रिकामे होतात, त्यात हवा भरते. पाणी सुटलं की ते पुढची हवा ढकलत आणतं, आणि मीटरमधल्या पंख्याला हवा काय, पाणी काय, दोन्ही सारखंच. जिथे चोवीस तास पाइप भरलेले असतात तिथे हा प्रश्न येत नाही. आपल्या महाराष्ट्रात मलकापूरने, बुलढाण्याच्या नव्हे, कराडजवळच्या, घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं, आणि जास्त वापराला जास्त दर लावला. तिथे मीटर चालतं, कारण पाइपात हवाच नाही. चार दिवसांनी एकदा फुसफुसणाऱ्या नळाला मीटर लावणं म्हणजे थोडं हवेचंही बिल भरणं.

तुमच्याकडे नळावर सरकारी मीटर आधीच बसवलेलं असेल आणि त्यावर सील असेल, तर त्याला हात लावू नका. सील तुटलं की दोष तुमच्याच माथी. पाणी यायच्या वेळी मीटरचा फोटो काढा, हवा थांबून धार सरळ झाली की दुसरा काढा, आणि काठीचं माप शेजारी लिहा. असे चार-पाच वेळचे कागद घेऊन कार्यालयात गेलात तर बोलायला काहीतरी हातात असतं. हवा बाहेर काढणारा व्हॉल्व्ह मीटरच्या आधी बसवता येतो, पण तो त्यांच्या परवानगीनेच.

आपल्या घरापुरतं मीटर हवं असेल तर ते वरच्या टाकीच्या खाली बसवा, टाकीतून पाइप बाहेर पडतो तिथे. तिथे हवा नसते, टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली नाही तर. आम्ही टाकीखालून तीन वेगळ्या लाइनी काढल्या, प्रत्येक चुलीला एक, आणि प्रत्येकीवर एक अर्धा इंची मीटर. मीटर साडेअकराशेला एक, आणि प्लंबिंगचं सामान नि मजुरी मिळून अठराशे. सगळे सव्वापाच हजार गेले. हे म्हणाले, "एवढ्यात सहा टँकर आले असते." मी गप्प बसले.

बसवताना तुम्ही स्वतः उभे राहा. मीटरच्या अंगावर बाण असतो, पाणी ज्या दिशेने जातं त्या दिशेला तो हवा. मीटर आडवं आणि तोंड वर. अंगावर बारीक अक्षरांत वर्ग (क्लास) लिहिलेला असतो, म्हणजे मीटर किती बारीक मोजतं ते. बऱ्याच मीटरांवर आडवं बसवलं तर बी आणि उभं बसवलं तर ए अशी खूण असते. म्हणजे उभं बसवलं की ते जास्त ढोबळ मोजणार. आमच्या दादाने जागा नाही म्हणून एक उभं लावलं होतं, ते मी काढायला लावलं. मीटरच्या आधी एक व्हॉल्व्ह हवा, आणि दोन्ही बाजूंना उघडता येतील असे आटे, चिकटवलेले नकोत. उद्या मीटर काढून साफ करायचं तर पाइप कापावा लागू नये.

एक तोटाही सांगते. वरच्या टाकीचा दाब आधीच कमी, मीटर त्यातला थोडा खातं. आमच्या शॉवरची धार बारीक झाली. सासूबाईंनी त्याचं खापर माझ्यावर फोडलं, पण त्या अंघोळ बादलीनेच करतात.

मीटर वाचायचं कसं

सोपं आहे, पण पहिल्यांदा सगळे चुकतात. काळे आकडे म्हणजे हजार लिटरचे. एक युनिट म्हणजे हजार लिटर, यालाच किलोलिटर म्हणतात, यालाच घनमीटर. लाल काटे असतील तर प्रत्येकाशेजारी ×०.१, ×०.०१, ×०.००१ असं लिहिलेलं असतं. पहिला शेकडा सांगतो, दुसरा दहा-दहा, तिसरा एक-एक लिटर. काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर मागचा आकडा घ्यायचा. सर गणिताचे, तरी पहिल्या आठवड्यात त्यांनी जवळचा आकडा घेतला आणि शंभर लिटर इकडचे तिकडे झाले.

काळे ००४७ आणि लाल ३, ८, २ असे असतील तर वाचन ४७,३८२ लिटर. मीटर शून्यावर आणायच्या भानगडीत पडायचं नाही; कालचं वाचन आजच्यातून वजा करायचं, बस.

मधोमध एक छोटी चांदणी किंवा त्रिकोण असतो. सगळे नळ बंद असताना तो जरी हळूच फिरत असेल तर कुठेतरी गळतंय. पण तो थांबलेला आहे म्हणजे गळत नाही असं समजू नका. इथे मी फसले.

रोज एकाच वेळी लिहा. आमची वेळ सकाळी साडेसहा, दूध आल्यावर. शंभर पानी वही, चार रकाने: तारीख, तीन मीटर. आणि शेवटी एक रिकामा रकाना शेऱ्यासाठी. खरी माहिती तिथेच साठते. "आखाजी (अक्षय्य तृतीया), तिन्ही नणंदा आल्या." "मशीनमध्ये गोधड्या." "वरच्या मुली सुटीवर." माझ्या वहीत कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाच्या, रविवार-सोमवारचा आकडा नेहमीच्या अडीचपट आहे. रोट, पाहुणे, दोन दिवस सतत धुणं-भांडी. तो आकडा शेऱ्याशिवाय बघितला असता तर पाइप फुटला असंच वाटलं असतं.

पहिल्या महिन्यात काय निघालं

सर आणि कुटुंब, चौघं: दिवसाला २८० लिटर, माणशी ७०. वरच्या दोघी: १२४, माणशी ६२. आम्ही तिघं: ३९३. माणशी १३१.

ती वही मी दोन दिवस कोणाला दाखवली नाही.

म्हणजे मापाला सांगायचं तर, जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरलेत. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी सरकारी नियम १३५ लिटरचा आहे. इंग्लंडमध्ये माणशी सरासरी १४० च्या आसपास. आम्ही तिघं गिरणेच्या काठी बसून इंग्रजांच्या बरोबरीला आलो होतो.

कुठे जात होतं? मोजत सुटले. मोरीतला नळ मिनिटाला सहा लिटर देतो, आणि मी भांडी वाहत्या नळाखाली घासते, वीस मिनिटं. झाले १२० लिटर, एका वेळचे. आता दोन टब घेते, एकात विसळायचं, दुसऱ्यात शेवटचा हात. ४५ मध्ये होतं. आरओची बाहेर जाणारी नळी एका पातेल्यात सोडून बघितली. आमच्या पाण्याला एक लिटर गोडं निघतं तेव्हा तीन लिटर खारट बाहेर जातं. दिवसाला बारा लिटर पितो-शिजवतो, म्हणजे ३६ लिटर गटारात. ती नळी आता टिपाडात सोडलीय, फरशी आणि मोरी त्याच पाण्यावर. झाडांना घालू नका, क्षाराने जातात. माझी दोन जास्वंदं गेली.

आणि मग गळतीची गोष्ट. रात्री दहाला तिन्ही घरांत सांगितलं, पहाटे पाचपर्यंत कोणी पाणी वापरू नका, रात्रीसाठी बादली भरून ठेवा. मीटर लिहून घेतले, वरच्या टाकीत काठी घातली. पहाटे तिन्ही मीटर जिथल्या तिथे, चांदणी हललेली नाही. पण टाकी एक इंच उतरलेली. २३ लिटर, सात तासांत. दिवसाचे जवळजवळ ८०.

क्लास बी असं लिहिलेलं अर्धा इंची मीटर तासाला तीसेक लिटरच्या खालची धार नीट मोजत नाही. बारीक गळती पंख्याच्या कडेने निघून जाते, पंखा हलतही नाही. तासाला तीन लिटर म्हणजे त्याला काहीच नाही. म्हणून मीटर असलं तरी काठी ठेवायचीच.

पुढच्या रात्री रोज एक-एक लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून बघितलं. आमचा बंद केला त्या रात्री टाकी उतरली नाही. म्हणजे गळती आमच्याकडे. मग संडासाच्या फ्लशच्या टाकीत जिलबीचा केशरी रंग चिमूटभर टाकला आणि अर्धा तास कोणाला जाऊ दिलं नाही. खाली भांड्यात केशरी ओघळ उतरलेला. आतला रबरी वॉशर कडक होऊन चिरला होता, चाळीस रुपयांचा. टपकणारा नळ असेल तर खाली पेला ठेवा आणि भरायला किती मिनिटं लागली ते बघा. २०० मिलीचा पेला २५ मिनिटांत भरला तर दिवसाचे साडेअकरा लिटर.

पैशाचा हिशोब

हजार लिटरला किती रुपये, याच एका मापावर सगळं आणा, नाहीतर तुलना होत नाही. नळपट्टी वर्षाला दोन हजार, पाणी दिवसाला सरासरी पाचशे लिटर. म्हणजे हजार लिटरला अकरा रुपये. टँकर, पूर्ण भरला तर १६०, हिंदकळला तर १८५. वीस लिटरचा जार पंचवीस रुपयांना, म्हणजे हजार लिटरला साडेबाराशे. नळपट्टी शंभर रुपयांनी वाढली की आम्ही चौकात जमतो, आणि जारवाल्याला रोज हसून पैसे देतो. मीही देत होते, आरओ बिघडला त्या महिन्यात.

टँकरचे पैसे आता माणसांवर नाही, लिटरवर वाटतो. पहिल्या महिन्यात दोन टँकर, सोळाशे रुपये. तिन्ही मीटर मिळून २३,९१० लिटर. सरांचे ८,४००, म्हणजे ५६२ रुपये. वरच्या मुलींचे ३,७२०, म्हणजे २४९. उरलेले ७८९ आमचे. आधी आम्ही माणसांवर वाटत होतो, तेव्हा आमचे ५३३ येत होते आणि तरी मी कुरकुरत होते. यांनी आकडा बघितला आणि विचारलं, "मीटर बसवायचं कोणाच्या डोक्यात आलं होतं?"

आता आमचं पाणी दिवसाला २९० लिटरवर आलंय, गळती बंद आहे, आणि टँकर बहुतेक महिन्यांत एकच लागतो.

मुलीकडे असल्या वाटणीचा प्रकार वेगळा आहे. जुन्या घरांत मीटर नसेल तर घराच्या फार पूर्वी ठरवलेल्या मूल्यावरून ठोक पट्टी येते, पाणी कितीही वापरा. मीटर मागितलं तर फुकट बसवून देतात. तिथे एक ठोकताळा आहे: घरात बेडरूमपेक्षा माणसं कमी असतील तर मीटर परवडतं. स्कॉटलंडमध्ये बहुतेक घरांना मीटरच नाही, पाण्याचे पैसे घरपट्टीबरोबर. आणि आयर्लंडमध्ये, जिथे पाऊस थांबतच नाही म्हणतात, २०१४ मध्ये मीटर लावून पट्टी सुरू केली तर लोक रस्त्यावर उतरले, आणि शेवटी २०१७ मध्ये भरलेले पैसे परत द्यावे लागले. "आभाळातून पडतं त्याचे पैसे कसले", हे तिकडेही म्हणतात. पाणी आभाळातून फुकट पडतं हे खरं, पण ते साठवायला नि घरापर्यंत आणायला पाइप, मोटार, माणूस लागतो, आणि ते फुकट नाही. फुकटचं हवं असेल तर स्वतःच्या छपराखाली धरावं लागतं.

तेही करतो आम्ही. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर २३५० लिटर होतात. शोषलं, उडालं, पहिलं सोडून दिलं, तरी अठराशे हाती लागतात, म्हणजे जवळजवळ एका वेळच्या नळाइतके. गच्चीच्या पाइपाला टी लावून एक तोंड गटाराकडे, एक हौदाकडे. मृगाच्या आधी गच्ची झाडून घ्यायची, कबुतरांची घाण खरवडून काढायची. पहिले दोन पाऊस गटाराकडे. नंतर प्रत्येक पावसाची पहिली दहा मिनिटंही. हौदाच्या तोंडाला जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी बांधते, ती दर पावसानंतर धुवायची. हे पाणी पिण्याला नाही. धुणं, फ्लश, फरशी. हौद भरत आला की तोंड बोअरच्या खड्ड्याकडे वळवतो, त्या खड्ड्यात खाली मोठे गोटे, वर खडी, वर वाळू. आमचं बोअर त्यामुळे होळीऐवजी गुढीपाडव्यापर्यंत टिकलं. एका वर्षावरून फार बोलू नये, म्हणून एवढंच.

मीटरची देखभाल म्हणाल तर दिवाळीची झाडलोट चालू असते तेव्हा तेही काढायचं. आधीचा व्हॉल्व्ह बंद, खाली परात. दोन्ही बाजूंचे आटे पान्याने सोडवायचे, पाणी आत शिरतं त्या तोंडाला बारीक जाळी असते, ती चिमट्याने ओढून काढायची. आमच्या पहिल्या दिवाळीत जाळीत काय निघालं: रेती, टेफ्लॉन टेपचे तुकडे, टाकीच्या झाकणाचा प्लास्टिकचा कपचा, आणि एक मुंगळा. जाळी जुन्या टूथब्रशने घासायची, व्हिनेगर असेल तर अर्धा तास त्यात ठेवायची म्हणजे क्षार सुटतो. बसवताना वॉशर नवीन घ्या, आणि बाण पुन्हा बघा. आमच्याकडे गेल्या वर्षी एक उलटं बसलं, आणि चार दिवस सरांचं वाचन रोज कमी होत होतं. सर काही बोलले नाहीत.